सर पॅट्रिक गेडिस : साकल्याने पाहावयास शिकविणारे गुरू

घड्याळजीने घड्याळ उघडून त्याची चाके, कमान, काटे व तबकडी एका फडक्यावर ओळीने मांडून ठेविली, तर घड्याळाचा प्रत्येक भाग आपल्यापुढे असतो. पण वेळ मात्र कळत नाही. वेळ दाखविण्याचा गुण कोणत्याही एका चाकात नसून तो सर्व चाकांच्या परस्परसंबंधात असतो. गोष्ट साधी आहे. तथापि मनुष्याचे मन, मनुष्यांचा समाज आणि आपण स्वतः कोण आहो हा प्रश्न, यांचा विचार करिताना भली शहाणी माणसेही ती विसरतात. भूगोलाचे पुस्तक निराळे, इतिहासाचे निराळे, शास्त्राचे निराळे. आणि परीक्षा संपल्यावर तिन्ही निरनिराळ्या कप्प्यांत पडून राहतात. ज्या थोर पुरुषाने हे कप्पे मोडण्यात आपले सारे आयुष्य वेचले आणि ज्याने आपल्या मुंबईच्याच विद्यापीठात पाच वर्षे अध्यापन केले, त्या सर पॅट्रिक गेडिस यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. पुढे पंधरा वर्षांनी याच तारखेस पोरबंदर येथे महात्मा गांधी जन्मास आले, हा योगायोग लक्षात ठेवण्यास सोपा आहे. वडील अलेक्झांडर हे ब्लॅक वॉच नावाच्या प्रसिद्ध पलटणीतून निवृत्त झालेले सैनिक होते. पॅट्रिक लहान असतानाच कुटुंब पर्थ शहराजवळच्या एका टेकडीवरील घरात राहावयास गेले. घरात शिस्त कडक होती, परंतु प्रेमाला तोटा नव्हता. वडिलांनी या धाकट्या मुलास बागकाम शिकविले व डोंगरातून लांब लांब फिरावयास नेले. घराच्या वर चढून गेले म्हणजे एका बाजूस डोंगर, मध्ये टे नदीचे खोरे, काठावर पर्थ शहर आणि दूर समुद्राकडे जाणारे पाणी असा सारा देखावा एका दृष्टीत सामावे. लहानपणी वारंवार पाहिलेला हा देखावाच पुढे त्यांच्या विचाराचा पाया झाला.

शाळा संपल्यावर वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी सुमारे दीड वर्ष पर्थच्या एका बँकेत नोकरी केली. पण हिशेबाच्या वह्यांत त्यांचे मन रमेना. वनस्पतिशास्त्र शिकावे म्हणून ते एडिंबरो विद्यापीठात गेले. तेथे वाळलेल्या पानाफुलांची नावे पाठ करण्यावर भर होता. जिवंत झाड कसे जगते याची चौकशी कोणी करीत नव्हते. आठवड्याभरातच गेडिस यांनी त्या विद्यापीठास रामराम ठोकला आणि १८७४ साली लंडनला जाऊन ते टॉमस हक्स्ले या नामांकित जीवशास्त्रज्ञाचे शिष्य झाले. पुढे लंडनमध्येच एका प्रयोगशाळेत त्यांना वृद्ध चार्ल्स डार्विन यांचे दर्शन घडले. सूक्ष्मदर्शकातून पाण्याच्या थेंबातील सूक्ष्म जीवांची हालचाल पाहताना त्या जगप्रसिद्ध पंडितास लहान मुलासारखा आनंद झालेला गेडिस यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला. ज्ञान वाढले तरी कौतुकाने पाहण्याची शक्ती शिल्लक राहिली पाहिजे, हा धडा ते कधीच विसरले नाहीत.

१८७९ साली प्राण्यांचे व वनस्पतींचे नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिकोत गेले असता त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. त्यांच्या डोळ्यांस विकार होऊन दृष्टी जवळजवळ गेली. कित्येक आठवडे डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत बसून राहावे लागले. पंचविशीतील तरुण, सूक्ष्मदर्शकावर ज्याचे सारे भवितव्य अवलंबून, त्याची त्या वेळी काय अवस्था झाली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. परंतु अशा स्थितीतही त्यांनी धीर सोडला नाही. खोलीत चाचपडत असता एके दिवशी त्यांची बोटे खिडकीच्या तावदानांवरून फिरली. आडव्याउभ्या पट्ट्यांनी पाडलेली ती चौकोनी घरे हातास लागताच त्यांच्या मनात आले की, प्रत्येक घरात एकेक विषय ठेवला तर कोणता विषय कोणाच्या शेजारी येतो आणि कोणाचा कोणाशी संबंध पोहोचतो, हे डोळ्यांवाचूनही ताडून पाहता येईल. पुढे त्यांनी कागदाच्या घड्या घालून अशीच घरे पाडण्याचा सराव केला. दृष्टी सुदैवाने परत आली. तरी सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करण्याजोगी ती राहिली नाही. यामुळे एक शास्त्रज्ञ जगास उणा झाला खरा, पण सूक्ष्म गोष्टींवरून उठलेली त्यांची नजर विशाल गोष्टींकडे वळली.

गेडिस यांचा मुख्य विचार असा. कोणताही जीव एकटा अभ्यासून कळत नाही. तो कोठे राहतो, काय करितो आणि कोणाबरोबर राहतो, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. हाच नियम फ्रान्समधील ल प्ले या समाजशास्त्रज्ञाने मनुष्याच्या कुटुंबास लाविला होता. तो विचार घेऊन गेडिस यांनी स्थळ, काम आणि लोक अशी तीन पदे ठरविली. डोंगराळ स्थळ मनुष्यास मेंढपाळ करिते. मेंढपाळाचे काम त्यास एका प्रकारचा स्वभाव व चालीरीती देते. हे झाले एका बाजूने. दुसऱ्या बाजूने लोक आपले काम बदलतात आणि कामाने स्थळाचे रूप पालटते. रानाचे शेत होते, शेताचे शहर होते. म्हणजे स्थळ मनुष्यास घडविते आणि मनुष्य स्थळास घडवितो. हे चक्र अखंड फिरत असते. त्यातील एकच टोक धरून बसणारा मनुष्य एक तर परिस्थितीस दोष देत स्वस्थ बसतो, नाही तर परिस्थितीचा विचारच न करिता हवेत इमले बांधतो.

हे चक्र त्यांनी मनुष्याच्या मनापर्यंत नेले, हे विशेष होय. घडीच्या कागदावर छत्तीस घरे पाडून त्यांनी जीवनाचा एक नकाशा केला. त्याचे चार खंड, प्रत्येक खंडात नऊ घरे. पहिल्या खंडात स्थळ, काम व लोक हे बाहेरचे रोजचे जीवन. दुसऱ्यात त्याचे मनावर उमटणारे ठसे: स्थळापासून इंद्रियांस होणारे ज्ञान, कामापासून येणारा अनुभव आणि लोकांपासून उपजणारी भावना. तिसऱ्यात मन या ठशांवर स्वतः जे काम करिते ते, म्हणजे कल्पना, विचार आणि ध्येय. आणि चौथ्यात त्या ध्येयातून पुन्हा बाहेर पडणारी कृती, जिच्यामुळे समाज व नगर नवे होते. नवे झालेले नगर पुढच्या पिढीचे स्थळ बनते आणि फेरा पुन्हा सुरू होतो. अमुक मनुष्य कोण, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने त्याच्या कातडीच्या आत संपत नाही. त्याचे गाव, त्याचे काम, त्याची माणसे आणि त्या सर्वांतून त्याने निवडलेले ध्येय मिळून तो मनुष्य होतो. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास लुडविग फॉन बर्टालान्फी आदी शास्त्रज्ञांनी व्यवस्थांचे सामान्य शास्त्र मांडले. भागांपेक्षा संबंधांकडे पाहण्याची ही दृष्टी गेडिस यांच्याजवळ त्यापूर्वीच होती.

हा विचार त्यांनी कागदावर ठेवला नाही. १८८६ साली त्यांचा विवाह ॲना मॉर्टन या सुशील व कर्तबगार स्त्रीशी झाला. लवकरच हे जोडपे आपल्या तान्ह्या मुलीसह एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या अत्यंत गलिच्छ चाळीवजा वस्तीत राहावयास गेले. गरिबांच्या वस्तीवर दुरून व्याख्याने देणारे पुष्कळ असतात. तेथे बिऱ्हाड करणारे थोडे. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी भिंती रंगविल्या, उकिरडे हलविले आणि मोकळ्या जागी बागा केल्या. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडली व त्यांचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती दिला. १८८८ पासून १९१९ पर्यंत ते डंडी येथील कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. तेथे उन्हाळी सत्रापुरतेच शिकवावयाचे असल्याने वर्षाचा उरलेला काळ या कामास मिळे.

१८९२ साली त्यांनी एडिंबरोच्या किल्ल्याजवळील एक उंच मनोरा घेतला. त्याचे वरच्या मजल्यावर आरसा व भिंग बसविलेली अंधारी खोली होती. तीत बाहेरच्या शहराचे हालते चित्र पांढऱ्या मेजावर उमटे. पाहुण्यास प्रथम थेट वर नेऊन हे समग्र चित्र दाखवीत. नंतर एका लहानशा खोलीत एकटेच बसून पाहिलेल्याचे मनन करावयाचे. मग एकेक मजला खाली उतरावे, तो प्रथम एडिंबरो शहर, मग स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषेचे देश, मग युरोप आणि तळमजल्यावर सारे जग, अशी दालने लागत. आपले गाव आणि जग यांचा जिना एकच आहे, हे शेकडो पुस्तकांनी जे शिकविता आले नसते ते हा मनोरा पाऊण तासात शिकवी.

शहरांच्या अभ्यासाचे नकाशे व चित्रे यांचे एक मोठे प्रदर्शनही त्यांनी तयार केले होते. १९१३ साली बेल्जममधील घेंट येथे त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ साली गेडिस थोरला मुलगा ॲलस्टर यासह हिंदुस्थानात आले. प्रदर्शनाचे सामान मागून दुसऱ्या जहाजाने येत होते. महायुद्ध नुकतेच पेटले होते; एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडविले आणि कित्येक वर्षांची मेहनत समुद्राच्या तळाशी गेली. गेडिस यांनी हाय खाल्ली नाही. मित्रांनी मायदेशी नवे नकाशे व चित्रे जमवून पाठविली आणि थोड्याच महिन्यांत मद्रासेस प्रदर्शन भरले.

पुढील काही वर्षांत त्यांनी मद्रास व मुंबई इलाख्यांतील, तसेच लखनौ, लाहोर, इंदूर अशा अनेक शहरांची पायी फिरून पाहणी केली व अहवाल लिहिले. त्या काळच्या इंजिनियरांची रीत अशी की, दाट वस्तीतून सरळ रेघ ओढून रुंद रस्ता काढावयाचा आणि आड येतील ती घरे पाडावयाची. गेडिस यांनी दाखवून दिले की, या उपायाने पाडलेल्या घरांतील गरीब माणसे शेजारच्या वस्तीत कोंबली जातात व तेथे रोग दुणावतो. कुशल शस्त्रवैद्य रोग्याचे आवश्यक तेवढेच कापतो, तद्वत मोडकळीस आलेली मोजकीच घरे काढून मोकळा चौक करावा, विहीर दुरुस्त करावी, झाड लावावे, गल्ली थोडी रुंद करावी. खर्च थोडा आणि माणसे आपल्या जागी, असे त्यांचे म्हणणे होते. हिवतापाच्या भीतीने जुने तलाव बुजविण्याचा सपाटा चालला असता, त्यांत मासे व बदके सोडून डासांच्या अळ्यांचा नाश करावा पण तलाव राखावेत, असा सल्ला ते देत. तलाव म्हणजे नुसता खड्डा नव्हे; तो पावसाचे पाणी सामावतो, विहिरींस झरे पुरवितो व हवा थंड ठेवितो.

इंदुरातील त्यांची हकीकत तर कथेसारखी आहे. १९१७ साली होळकरांच्या या राजधानीत प्लेगचे भय होते व लोक परक्या अधिकाऱ्यांकडे संशयाने पाहत होते. गेडिस यांनी दरबाराकडून एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि दवंडी पिटविली की, दिवाळीची मोठी मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने न जाता, ज्या आळीतील लोक आपली घरे व अंगणे सर्वांत अधिक स्वच्छ करतील त्या आळीतून जाईल. मग काय विचारता! घरोघर झाडलोट, रंगरंगोटी व दुरुस्ती यांची चढाओढ लागली आणि कचऱ्याच्या गाड्यांमागून गाड्या गावाबाहेर गेल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. आणि शुभ्र वस्त्रे परिधान केलेले, गळ्यांत हार घातलेले नगरातील झाडूवाले मानाने चालत होते. ज्यांची सावली लोक टाळीत, त्यांच्यावाचून नगर जगत नाही, हे त्या दिवशी साऱ्या गावाने पाहिले. अखेर राक्षसाचे दहन झाले. हुकमाने जे झाले नसते ते उत्सवाने झाले. कारण गेडिस यांनी गटारे व माणसांची मने ही एकाच व्यवस्थेचे भाग मानिली होती.

ज्या वर्षी हा जयजयकार झाला त्याच वर्षी त्यांच्या घरावर दुःखाचा डोंगर कोसळला होता. एप्रिलमध्ये ॲलस्टर फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला. ॲनाबाई त्या वेळी कलकत्त्यास अत्यवस्थ होत्या. त्यांना हा आघात सोसवणार नाही म्हणून गेडिस यांनी ती बातमी त्यांना कळू दिली नाही व आपले दुःख गिळून ते शय्येपाशी बसून राहिले. जून महिन्यात ॲनाबाईही निवर्तल्या. दिवाळीच्या मिरवणुकीत इंदूरकरांबरोबर चालणारा तो वृद्ध मनुष्य पाच महिन्यांपूर्वी पत्नीस व सात महिन्यांपूर्वी पुत्रास मुकलेला होता, हे लक्षात आणिले म्हणजे त्यांच्या कर्तव्यनिष्ठेची खरी किंमत कळते.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग निघाला व गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या व्याख्यानांस बसणाऱ्यांत मालवणकडील गोविंद सदाशिव घुर्ये नावाचे संस्कृतचे एक तरुण विद्वान होते. गेडिस यांच्या शिफारशीने ते विलायतेस गेले आणि परत आल्यावर १९२४ पासून त्यांनीच हा विभाग सांभाळला. घुर्ये यांची पद्धत गुरूहून निराळी व अधिक ग्रंथनिष्ठ होती. परंतु त्यांच्याच हाताखाली इरावती कर्वे यांच्यासारख्या विदुषी शिकल्या. महाराष्ट्रातील समाजशास्त्राची ही परंपरा अशा रीतीने त्या स्कॉच वनस्पतिशास्त्रज्ञाने लाविलेल्या रोपापासून वाढली. रवींद्रनाथ ठाकूर यांच्याशी त्यांचा स्नेह होता, आणि जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र त्यांनी १९२० साली प्रसिद्ध केले.

त्यांच्यात उणिवा नव्हत्या असे नाही. दाढीमिशांतून पुटपुटल्यासारखे त्यांचे बोलणे मागच्या बाकांपर्यंत पोहोचत नसे. लिहिणे क्लिष्ट असे. एक काम पुरे होण्यापूर्वी दहा नवी सुचत. त्यांच्या पुष्कळ योजना सरकारी दप्तरांतच राहिल्या. प्रकृती ढासळल्यामुळे १९२४ साली त्यांनी मुंबई सोडली व फ्रान्समध्ये माँपेलिए येथे विद्यार्थ्यांसाठी एक कॉलेज काढले. १९२५ साली तेल अवीव शहराचा आराखडा त्यांनी केला. १९१२ साली नाकारलेली सर ही पदवी १९३२ च्या आरंभी त्यांनी स्वीकारली आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथे त्यांचे देहावसान झाले.

आता हे चरित्र मरोळच्या मुलांनी कशासाठी वाचावे? गेडिस आपल्या विद्यार्थ्यांस डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीचा एक छेद काढावयास लावीत: वर रानातील मनुष्य, खाली मेंढपाळ, मग शेतकरी, आणि मुखाशी कोळी. असा छेद आपल्या दाराशीच आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात वारल्यांचे पाडे आहेत. त्याखाली १८६० साली पुरा झालेला विहार तलाव. मग १९४९ साली वसविलेली आरेची दुग्धवसाहत. मग मरोळचे गावठाण व त्याभोवतीचे कारखाने. पुढे कुर्ला, धारावीतील कुंभारवाडा, आणि शेवटी माहीमचा कोळीवाडा. या सर्वांस ओवणारा दोरा म्हणजे विहार व पवई यांच्या सांडव्यांतून निघणारी मिठी नदी. तिची लांबी अवघी सुमारे १८ किलोमीटर. तिला आपण नाला म्हणू लागलो, तिच्या काठी भराव घातले, तिच्यात कचरा व तेल सोडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नदीने आपली जागा परत मागितली. किती घरांत पाणी शिरले व किती जीव गेले, हे पालकांस आठवत असेल. तो दोष एकट्या पावसाचा नव्हता, एकट्या कारखानदाराचा नव्हता, एकट्या झोपडीवाल्याचाही नव्हता. तो सर्वांच्या तुटलेल्या संबंधांचा होता.

आपल्या गावाच्या इतिहासातही हेच सूत्र दिसते. १५७९ साली बांधलेले सेंट जॉनचे जुने देवालय साथीमुळे १८४० च्या सुमारास ओसाड पडले आणि पॅरिश मरोळास आली. त्या देवालयाचे अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. रोगाने स्थळ बदलले, स्थळाने लोक बदलले. भातशेती जाऊन कारखाने आले, तसे काम बदलले. आज या शाळेच्या एकाच बाकावर ईस्ट इंडियन, कोकणी, घाटावरचा आणि परप्रांतातून आलेला असे चार विद्यार्थी बसतात. त्यांपैकी प्रत्येक जण आपल्या गावाने, आईबापांच्या कामाने व शेजाऱ्यांच्या संगतीने घडला आहे. म्हणून एखादा मुलगा वर्गात मागे पडला, तर त्यास मठ्ठ म्हणून मोकळे होण्यापूर्वी शिक्षकांनी व पालकांनी तीन प्रश्न विचारावेत: तो राहतो कोठे, शाळेबाहेर त्यास काम काय पडते, आणि त्याच्याजवळ बसून बोलणारे कोण आहे? पुष्कळदा दोष मुलात न सापडता या तिघांच्या तुटलेल्या दुव्यात सापडेल, आणि तो दुवा सांधणे आपल्या हातचे असते.

परंतु विद्यार्थ्यांनी याचा सोयीस्कर अर्थ मात्र घेऊ नये. परिस्थिती मनुष्यास घडविते एवढेच सांगून गेडिस थांबले नाहीत. मनुष्य परिस्थितीस घडवितो, हा त्यांच्या नकाशाचा शेवटचा खंड आहे, आणि तो कृतीने भरावयाचा आहे. येत्या सुटीत प्रत्येकाने एक कोरा कागद घ्यावा, त्यावर आपल्या घरापासून मिठीच्या पात्रापर्यंतचा रस्ता काढावा, वाटेत कोण राहतो, काय काम करितो व त्याचे सांडपाणी कोठे जाते हे विचारून लिहावे. जेथे एखादे रोप लावता येईल, एखादे गटार मोकळे करता येईल किंवा एखाद्या अनोळखी शेजाऱ्याचे नाव विचारता येईल, तेथे खूण करावी. आणि मग त्या खुणांपैकी एक तरी काम वर्ष संपण्यापूर्वी पुरे करावे.